साताऱ्यातलं गॅरेज आणि माझी जुनी थार : पहिलं बिल काढायचं, दुसरं बसवायचं

आधी गाडी सांगतो मग गॅरेजवर येतो. २०१६ ची महिंद्राची थार सीआरडीई, म्हणजे २०२० ला नवी थार आली तिच्या आधीची, २४९८ सीसी डिझेल, १०५ बीएचपी, मागं समोरासमोर बाकडी. सेकंडहँड घेतली सव्वासहा लाखाला, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं की गाडी फुल मॉडिफाय आहे, तुम्हाला एक रुपया घालायला लागणार नाही. ३३ इंची टायर, पुढं लोखंडी बुलबार, वर एलईडीची पट्टी, बाजूला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला हवा वरनं घेऊन देणारा पाईप, गाडी चांगली चार इंच उचललेली. शाहूपुरीत दारात लावली तर शाळेतनं येणारी पोरं थांबून फोटो काढायची.

मला ती फोटोसाठी नको होती. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात मोरणा खोऱ्यात वर डोंगरात आहे, आज्जी अजून तिथंच राहते, खाली यायला तयार नाही. २०२१ च्या जुलैत त्या भागात जे झालं ते सगळ्यांना माहिती आहे, आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, दरडी आल्या आणि घरंच्या घरं गेली. आमची वाडी वाचली पण रस्ता बंद, लाईट नाही, फोन नाही, आणि आम्ही साताऱ्यात बसून नुसता फोन लावतोय. चौथ्या दिवशी कळलं की आज्जी बरी आहे. तेव्हाच ठरवलं की पैसे जमले की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यायची. दरडीतनं काही गाडी जात नसते हे मलाही कळतं, पण एरवीसुद्धा जून ते सप्टेंबर शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे लाल चिकणमातीची पाणंद आहे, साधी गाडी खाली लावून छत्री घेऊन चालत जायचं, आणि माणूस आजारी पडलं तर खुर्चीत बसवून उचलून खाली आणायचं. त्यासाठी गाडी घेतली.

तर घेतल्यावर दोन आठवड्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातनं कट कट कट आवाज यायला लागला. हायवेला शेंद्र्याच्या पुढं ऐंशी गाठली की सगळी गाडी थरथरायची, आणि खड्ड्यात चाक गेलं की असा दणका बसायचा की आईने दुसऱ्यांदा बसायला चक्क नकार दिला. एका ठिकाणी दाखवली, नाव घेत नाही, तिथं सांगितलं की उचललेली गाडी अशीच चालते, अजून एक इंच उचला आणि नवे शॉकअब, म्हणजे धक्के पचवणारे शॉक ॲब्सॉर्बर, टाका, पंच्याऐंशी हजार. मी जवळजवळ हो म्हणलेलो.

मग मित्राने हे गॅरेज सांगितलं. वाढे फाट्याकडनं आत जायचं, मोठा बोर्ड नाही, बाहेर दोन जुन्या जिप्सी आणि एक कमांडर उभी असते तीच खूण. नाव लिहीत नाही कारण मालकांनीच सांगितलं की आत्ताच हाताला काम जास्त आहे, अजून गर्दी नको. सगळे त्यांना मामा म्हणतात, साठीच्या आसपासचे आहेत, हाताखाली तीन पोरं. म्हणजे हा रिव्ह्यू एका बिननावाच्या गॅरेजचा आहे, पण तिथं जे शिकायला मिळालं ते कुठल्याही गॅरेजला उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितोय.

मामांनी गाडीला आधी हातच लावला नाही. चालू ठेवा म्हणले, आणि स्नॉर्कलच्या तोंडावर तळहात दाबून धरला. मला म्हणले, "पाव्हणं, आता इंजिन गुदमरून बंद पडाय पाहिजे." इंजिन आरामात चालू. बोनेट उघडून बघितलं तर स्नॉर्कलचा पाईप आतल्या फिल्टरच्या डब्याला नीट जोडलेलाच नव्हता, फेंडरला भोक पाडून वरनं बसवलेला आणि आत नुसता सैल अडकवलेला. इंजिन हवा घेत होतं बोनेटच्या आतनंच. म्हणजे स्नॉर्कल आहे या भरवशावर मी ओढ्यात गाडी घातली असती तर पाणी सरळ फिल्टरमधनं सिलिंडरमध्ये, आणि पाणी काही दाबलं जात नाही त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकणार, म्हणजे पूर्ण इंजिन काम. सेकंडहँड गाडीला स्नॉर्कल असेल तर ही तळहाताची परीक्षा घ्याच, दहा सेकंद लागतात.

मग गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. हे मला सगळ्यात आवडलं, गिऱ्हाईकाला बाहेर खुर्चीत बसवून ठेवत नाहीत, हातात बॅटरी देतात आणि दाखवतात. या थारला पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी लांब पोलादी दांडा असतो, तो पिळला जातो आणि सरळ व्हायला बघतो तीच त्याची स्प्रिंग. मागच्या बाजूला त्याला बोल्ट असतो, तो आवळला की गाडीचं तोंड वर येतं. फुकटात लिफ्ट. पहिल्या मालकाने, म्हणजे त्याच्या गॅरेजने, तो बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला. आता त्यात होतं काय की गाडी वर जाते पण चाकाला खाली यायला जागाच उरत नाही, सगळी हालचाल आधीच संपवून टाकलेली असते, म्हणून खड्ड्यात चाक खाली जात नाही, पूर्ण गाडीच जाते आणि दणका बसतो. ऑफरोडला तर हे उलटंच, तिथं चाक जितकं खाली लोंबेल तितकं ते जमिनीला धरून राहतं, आणि आपण पैसे देऊन तेच घालवतो. शिवाय पुढच्या ॲक्सलचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा, सतत वाकडा फिरतो, त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, आत माती जाते. माझा कट कट आवाज तोच होता. डावं बूट फाटून जॉइंट गेलेला, उजव्याला नुसत्या चिरा.

पुढं चाकांना स्पेसर निघाले, चाक बाहेर दिसावं म्हणून घातलेले, त्याने बेअरिंगवर लोड वाढतो. आणि ३३ इंची टायर कंपनीच्या साइजपेक्षा साधारण चार इंच मोठे, त्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा मोबाईलच्या जीपीएसवर ८६ यायचे. ते एक वेळ चाललं असतं पण मामांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की टायर मोठा झाला की गिअरिंग लांब होतं. लो गिअर टाकल्यावर ताकद साधारण अडीच पट मिळते ती मिळावी म्हणून तर फोर बाय फोर घेतो आपण, आणि मोठ्या टायरने त्यातलाच हिस्सा परत देऊन टाकतो. ब्रेक तेवढेच, चाक जड, आणि २०१६ च्या या गाडीला ना एबीएस ना एअरबॅग. घाटात उतरताना हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "आधी कंपनीनं दिलेली गाडी परत आणू, मग बघू तिला काय कमी पडतंय ते."

तर पहिलं बिल झालं नुसतं काढायचं आणि पूर्ववत करायचं. टॉर्शन बार मोजून खाली आणला, कंपनीच्या उंचीपेक्षा अगदी अर्धा इंच वर ठेवला. स्पेसर काढले. बुलबार काढला, तो तर काढायलाच पाहिजे होता, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र देऊन असल्या बुलबारवर कारवाई करायला सांगितलेलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. समोर चालणारा माणूस सापडला तर त्याच्यासाठी ती लोखंडी पाईप म्हणजे यमच आहे. स्नॉर्कल काढून फेंडरचं भोक पत्रा लावून बंद केलं, एलईडी पट्टी उतरवली. एक नवा सीव्ही जॉइंट, दोन्ही बाजूंची बूट, पुढच्या आर्मचे बुश, चार शॉकअब, बॉल जॉइंट एक, मजुरी आणि अलायमेंट धरून एकेचाळीस हजार आठशे. ३३ चे टायर आणि बुलबार विकून त्यातले सव्वीस हजार परत आले, गिऱ्हाईकही मामांनीच बघून दिलं.

इथं एक सांगतो, कायद्याचा विषय निघालाच आहे तर. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आरसी बुकात कंपनीने दिलेले जे मूळ तपशील आहेत त्यात बदल करून गाडी चालवता येत नाही. त्यामुळे जे काही कराल ते आरटीओला विचारून करा, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, नायतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं करतात. मी मागच्या रिन्युअलला फोटो लावून ईमेल केला, काही ज्यादा पैसे लागले नाहीत.

आता दुसरं बिल, म्हणजे बसवायचं. आणि यात दिसण्यासारखं जवळजवळ काहीच नाही.

सगळ्यात स्वस्त काम आधी सांगतो कारण ते सगळ्यात भारी आहे. पुढचं मागचं डिफरन्सियल (दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) या सगळ्यांना श्वास घ्यायला बारीक ब्रीदर असतो. घाट चढून आल्यावर हौसिंग तापलेलं असतं, ते एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं नायतर सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. माझं मागचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. मामांनी चारही ब्रीदरना रबरी नळी लावून ती बोनेटमध्ये वर आणून बांधली, टोकाला छोटे फिल्टर. खर्च बाराशे रुपये अधिक ऑइल. बाराशे! आणि लोक पंचवीस पंचवीस हजाराच्या लाईटा लावतात.

मागचे कमानपाटे काढून कमान मारून घेतली, एक पाटा बदलला, मागं साधारण सव्वा इंच मिळाला तो तेवढाच. पोटाखाली ट्रान्सफर केसला आणि डिझेल टाकीला ४ एमएमचा पत्रा बेंड करून घातला. मी म्हणलं ६ चा घाला की, तर त्यांनी पाटीवर हिशोब करून दाखवला, ४ एमएमचाच एक चौरस मीटर ३१ किलोच्या वर भरतो, ६ चा ४७, दगड काय रोज लागत नाही पण वजन रोज घेऊन फिरायचंय. पत्र्याला चिखल गळायला भोकं ठेवली आहेत आणि ऑइलच्या नटासमोर वेगळं मोठं भोक, म्हणजे सर्व्हिसला पत्रा काढायला लागत नाही. असं बारीक लक्ष दिलेलं बघितलं की पैसे द्यायला वाईट वाटत नाही.

पुढं मागं चेसीला ओढायचे हुक व्यवस्थित बोल्टिंग करून, आणि सोबत पाऊण इंची दोन शॅकल, म्हणजे दोर अडकवायच्या पोलादी कड्या, त्याच्यावर ४.७५ टनाचा शिक्का आहे, आणि एक ताणला जाणारा नायलॉनचा दोर. आमच्याकडं गाडी अडकली की ट्रॅक्टर बोलावतात आणि ऊसाच्या ट्रॉलीचा साखळदंड लावून हिसका देतात, मीपण लहानपणापासून तेच बघत आलोय. साखळी ताणत नाही, हिसक्यात तुटली तर तुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. हे नका करू, दोर घ्या, आणि दोर ताणलेला असताना पोरांना बाजूला उभं करा, अगदी लांब.

टायर कंपनीच्याच साइजचे पण एटी, म्हणजे सगळ्या रस्त्यांना चालणारे ऑल टेरेन. एमटी, म्हणजे चिखलाचे मड टेरेन, घ्यायचे होते मला, मामांनी विचारलं महिन्यातनं किती दिवस चिखलात आणि किती दिवस डांबरावर. खरं उत्तर दिलं की चार दिवस चिखल बाकी डांबर, तर म्हणले मग एटी, आणि हवा कमी करायला शिका. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि गेज घ्यायला लावलं. आता पाणंद लागली की ३२ ची हवा २० वर आणतो, टायर पसरतो, पकड इतकी बदलते की पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं रस्ताच कुणीतरी दुरुस्त केला. वर पोहोचलं की परत भरायची, चार टायरला वीसेक मिनिटं जातात. मात्र एटीची मर्यादा आहे ती पण सांगतो, रहिमतपूरला मित्राच्या शेतात काळ्या मातीत घातली तर पन्नास फुटात सगळ्या खाचा भरून टायर गुळगुळीत झाला आणि हवा कमी करूनही काही उपयोग नाही. तांबड्या मातीला, मुरमाला, दगडाला उत्तम. सांगलीच्या बाजूला काळ्या रानात रोजचं काम असेल तर एमटीचा विचार करा.

टायर सोडून दुसरं बिल अडतीस हजार दोनशे. टायर पाचव्या स्टेपनीसह वेगळे.

जुलैत पहिली खरी परीक्षा झाली. उंब्रजवरनं मल्हारपेठ, पाटण, तिथनं मोरगिरीच्या बाजूला, तिथपर्यंत गाडी टू व्हीलवर, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर व्हील डांबरावर टाकायचं नाही हे पण मामांनीच घोकून घेतलं, या गाडीत मध्ये डिफरन्सियल नाही, वळणावर पुढची मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर. पाणंदीच्या तोंडाला हवा कमी केली, लो टाकला, दुसरा गिअर. मधे एक चढ आहे तिथं दरवर्षी ओहोळ मधोमध रस्ता कापतो, डावं मागचं चाक तिथं हवेत गेलं आणि नुसतं फिरायला लागलं. २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या थारला मागं आपोआप लॉक होणारं डिफरन्सियल आहे, एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा ठराविक मर्यादेबाहेर गेला की ते लॉक होतं. पण त्यासाठी घाबरून पाय काढायचा नसतो, हलका रेस तसाच धरून ठेवायचा. दोन सेकंद चाक फिरलं, मागं ठक्क असा आवाज आला, आणि गाडी सरळ वर. आधीच्या मालकाच्या काळात हे काम करत होतं की नाही देव जाणे, त्या चहासारख्या ऑइलमध्ये.

एक काम मात्र मी केलं नाही आणि करणार नाही. वाटेत फरशी पुलावरनं पाणी जात होतं, गुडघ्याच्या खाली असेल, पण गढूळ आणि वेगात. ब्रीदर वर आहेत, सगळं आहे, तरी थांबलो, दीड तास, पाणी उतरल्यावर गेलो. दोन फूट वेगाचं पाणी मोठी गाडीसुद्धा उचलतं, आणि खाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली ते वरनं दिसत नाही.

आणि कृपा करून एक ऐका. फोर बाय फोर आली की लोकांना पहिल्यांदा सडा आठवतो, कासच्या बाजूला, चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या तिथं, मोकळं दिसतं म्हणून गाड्या घालतात. तो दगड आहे आणि त्यावर इंच दोन इंच माती, त्यातच ती सगळी फुलं. पश्चिम घाटाला २०१२ ला जागतिक वारसा मिळाला त्यात कास आहे. टायरचा एक पट्टा गेला की ती माती पहिल्या पावसात वाहून जाते, आणि परत साठायला पिढ्या जातात. चिखल खेळायचा असेल तर आपल्या शेतात, पाणंदीला, बांधावरच्या शेतकऱ्याला विचारून. मामांकडं बाहेरनं आलेली दोन पोरं सड्यावर जायचं बोलत होती तर त्यांनी गाडी घ्यायलाच नकार दिला, माझ्यासमोर.

आता गॅरेजच्या तक्रारी. आठ दिवस म्हणले आणि तेवीस दिवस लागले. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, प्रत्यक्ष जाऊन उभं राहायला लागतं. बिल आधी वहीच्या कागदावर हाताने लिहून दिलेलं, मागितल्यावर पक्कं दिलं, पण मागायला लागलं. खालच्या पत्र्याचा रंग पहिल्या पावसातच उडाला आणि कडेला गंज दिसतोय, त्यावर रेड ऑक्साईडचा हात नीट मारलेला नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी परत करून द्यायचं कबूल केलंय. छताचं कॅनव्हास गळतं ते त्यांच्या कामात येत नाही, पण पाटणच्या पावसात मागं बसणाऱ्याला प्लास्टिक पांघरायला लागतं हे या मॉडेलचं दुखणं घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. मायलेज आधी नऊ होतं ते आता साडेबारा तेरा देते.

एक गोष्ट बिलात नाही. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मामांनी विचारलं घरात सगळ्यात वयस्कर कोण बसणार, मी आज्जीचं सांगितलं, तर म्हणले पायरी लावलेली नाही, आज्जीला आणा मग लावतो. मला वाटलं बोलण्यापुरतं. गणपतीला आज्जी आली तेव्हा घेऊन गेलो, तर खरंच तिला गाडीशेजारी उभं केलं, पाय किती उचलतो ते विचारलं, खडूने पत्र्यावर खूण केली आणि त्या उंचीला पायरी वेल्डिंग करून बोल्टवर बसवली, वर खांबाला धरायला एक दांडा. आज्जी म्हणाली अजून बोटभर खाली घे. घेतली. त्याचे पैसे चारशे.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, गुरुवारी लाईट जाते म्हणून वेल्डिंगचं काम धरत नाहीत. आणि गाडी धुऊन नेऊ नका, चिखल कुठं कुठं बसलाय ते त्यांना बघायचं असतं.